दर रविवारी दहा मिनिटं

पालांदूरकर जाताना किल्ली देऊन गेले.
"दर रविवारी फक्त दहा मिनिटं, ठवरे.
चालू करायची, बंद करायची. बॅटरी बसायला नको."
मार्चात पोरीकडे गेले, परदेशी, बाळंतपणाला.
किल्लीला ताडोब्याचा लाकडी वाघ,
एक कान तुटलेला.

तीन रविवार मी प्रामाणिक होतो.
इंजिन घरघरायचं, मी घड्याळ बघायचो,
कंपाउंडच्या कडुनिंबाची फुलं काचेवर पडायची.

चौथ्या रविवारी पेट्रोलचा काटा दिसला.
दुसऱ्याचं पेट्रोल कशाला जाळा, म्हणून
किल्ली अर्धीच फिरवली.
रेडिओ लागला.
एवढंच.

आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं
आणि एक कूलर, त्याच्या तोंडापुढं जागेवरून भांडणं.
बायकोच्या शिकवण्या, आईचं फोनवरचं कीर्तन,
पोरांचं आपसातलं.
त्रेपन्न वर्षांत दार ओढून घेतलं
आणि सगळं थांबलं, असं कुठंच झालं नव्हतं.
बाथरूम धरलं तरी
तिथं कोणीतरी ठोकतंच.

इथं दार लागायचं. धप्प.
आणि त्रिमूर्ती नगर दुसऱ्या कोणाचं गाव व्हायचं.

मग बुधवारीही जायला लागलो. मग रोज, जेवणानंतर.
"कुठं चालले?"
"पालांदूरकरांची गाडी पाहून येतो."
"लयच काळजी घेऊन राहिले बाप्पा," बायको म्हणाली.

करत काही नव्हतो.
काचा दोन बोटं खाली, सीट मागं, डोळे मिटून
कुठलीतरी बाई पिकांवरच्या किडीबद्दल सांगायची,
ते ऐकायचो.
एकदा रडलो. कशासाठी ते
गाडीतून उतरेपर्यंत आठवेना झालं.
एकदा संत्रा बर्फी खाल्ली, पाव किलो,
कोणालाच न देता.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली:
टिक्.
पुन्हा: टिक्.
मीटरवरचे दिवे, उत्तर न येणाऱ्या पोरासारखे,
अर्धे उठले आणि बसले.
पालांदूरकर गुरुवारी येणार होते.

नरेंद्र नगरच्या पुलाजवळून शफीक आला.
स्वतःच्या गाडीचं नाक या गाडीच्या नाकाला लावलं.
लाल चिमटा लालला,
काळा इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
"आठ पॉइंट चार. पुरीच बसली न साहेब हे.
काय चालू राहिलं होतं?"
"काय माहीत," मी म्हणालो. "उंदीर असन."
त्यानं रेडिओच्या बटणाकडं पाहिलं.
"शौकीन दिसते उंदीर."

गाडी खोकली, थरथरली, लागली.
"अर्धा तास फिरवून आणा. मधात बंद नका करू,
नाही तर धक्का माराले माणसं शोधान."

छत्रपती चौक. मानेवाडा.
प्रत्येक सिग्नलला पाय थरथरत ॲक्सिलरेटरवर,
मागून ऑटोवाल्यांच्या शिव्या.
रेडिओ लावला नाही, लाज वाटली.
दिघोरीला वळून परत यायचं होतं.
वळलो नाही.
उमरेड रोडला लागलो, काचा उघड्या,
तोंडावर भट्टीसारखी लू,
आणि शर्टाच्या आत कुठंतरी
वाऱ्याचीच एक थंड रेघ.
कुठं चाललो ते मला विचारायला
गाडीत कोणी नव्हतं.
मी पण नाही विचारलं.

गुरुवारी पालांदूरकरांनी किल्ली फिरवली.
एका झटक्यात चालू.
"वा, ठवरे!"
मग मागं टेकायला गेले
आणि आडवेच झाले.
"सीट कोणी झोपवली हो इतकी?"

मी कडुनिंबाकडं पाहिलं.
लिंबोळ्या धरल्या होत्या.