नावे

बँकेतल्या ऑस्ट्रँडरने पडदा माझ्याकडे वळवला,
डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा,
आणि आवाज उतरवून म्हणाला, पाचशे बारा.
मला वाटलं, रांगेतला नंबर.

बावीस वर्षांची मी. कुणाकडून कधी सिगारेटही उसनी घेतली नव्हती.
एक जुनी गाडी हवी होती, रात्रपाळीसाठी,
कारण आमच्या बाजूला एरीची शेवटची बस साडेनऊला जाते
आणि कारखान्यात बाटल्यांची झाकणं अकरापासून पडायला लागतात.

त्याने बोट ठेवलं: गॅस कंपनी. अकराशे सेहेचाळीस डॉलर.
खातं उघडलं तेव्हा माझं वय नऊ,
बुडालं तेव्हा सतरा.
बोट त्या नवावर जरा जास्तच वेळ राहिलं.

मग एक अर्ज पुढे सरकवला. पोलिसात द्या, म्हणाला, सगळं पुसलं जाईल.
तुमचं नाव कोणी वापरलं?
त्या व्यक्तीशी नातं?
पेन त्यांचंच, साखळीने टेबलाला बांधलेलं.

आई,
नाव तूच ठेवलंस,
मग तूच ते गहाण ठेवलंस,
आणि आता मला कधी न पाहिलेली माणसं
मला नावं ठेवतात.

तो हिवाळा आठवतो मला.
सरोवरावरून आलेला बर्फ खिडकीच्या काचेला निम्म्यापर्यंत टेकलेला.
तीन रात्री आपण एका पलंगावर, कोट घालून.
चौथ्या दिवशी शाळेतून आले तर भिंतीतले पाइप टकटक करत होते.
हातमोजे काढ, म्हणालीस, आणि गृहपाठ कर.
मी काढले. भागाकार केले, बाकी शून्य येईपर्यंत,
माझ्याच नावावरच्या उबेत.

अर्ज घडी करून खिशात घातला.
जीन्सबरोबर तो दोनदा धुतला गेला.

दोनशे डॉलर बँकेत ठेवायचे,
बँक दोनशेचं कार्ड देणार.
माझेच पैसे, मलाच उधार, वर उपदेश फुकट.
कार्डावर फक्त बसचा पास आणि मांजराचं खाणं.
रात्री ओडेलच्या गाडीतून जाते, आठवड्याचे दहा डॉलर, रोख.
तेही कधी थकवले नाहीत.
ते कुणी मोजत नाही.

वसुलीवाला फोनवर स्वतःला ड्वेन म्हणवायचा,
दर वेळी वेगळ्या आवाजात.
त्याच्याकडून अकरा हप्ते पाडून घेतले, आणि लेखी मागितलं.
कर्ज चुकवायचं, हप्ता चुकवायचा नाही:
हे मी झाकणं मोजता मोजता पुटपुटायचे.

आकडा पाचशे एकोणीस झाला. पाचशे एकतीस.
मग पाचशे चोवीस, का ते ऑस्ट्रँडरलाही सांगता येईना.
पलंगाखाली दडलेल्या मांजरासारखा तो.
वाटी ठेवायची, आणि लांब जाऊन बसायचं,
बघत नाही असं दाखवत.

सात वर्षांनी हे सगळं कागदावरून आपोआप गळतं म्हणे.
तुला मी एकदाही विचारलं नाही.
तूही फोनवर हवामानच सांगतेस.

सहाशे एक्केचाळीसला दोन खोल्या मिळाल्या, बेकरीच्या वर.
गॅस जोडायला फोन केला तर बाई म्हणाली, बिल कोणाच्या नावे?
मी म्हटलं, माझ्या.
ती म्हणाली, पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही.

रविवारी तू आलीस, खसखशीचा रोल घेऊन.
कोट काढलास. रेडिएटरवर हात ठेवलास, उचललास.
फ्रिजवर बिल होतं, चुंबकाखाली.
चष्मा नसताना तू ते वाचलंस,
रेनाटा जोआना कोवालचिक,
सबंध नाव, लहानपणी रागावताना घ्यायचीस तसं,
फक्त हळू.
मग चुंबक उचलून
कागद सरळ केलास.