बोट

भिंतीवरच्या कागदाला चिकटपट्टी मीच लावली.
परिचर: अंथरूण बदलणे, भांडे देणे, ताप बघणे,
रुग्णास कूस वळवण्यास मदत.
खालची ओळ जाड ठशात:
सुई, सलाईन, नळी यांस हात लावू नये.
बावीस वर्षं झाली. कागद तीनदा बदलला,
ओळ तीच.

आज याकूब सोलकर. दोन दिवस होडीवर उलट्या-जुलाब,
जयगडच्या जेटीवरून खुर्चीसकट उचलून आणला.
चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजते,
तो ते माझ्याच पदरात परत करतो.
कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी.

डॉक्टर रत्नागिरीला. फोनवर म्हणतात,
"भुवडबाई, तुम्हाला येतं ना? लावा की."

येतं.
ओहोटीच्या चिखलात पायाच्या बोटांना
न बघता तिसऱ्या लागतात, तशी मला शीर लागते.
नव्या पोरींना मीच सांगते, इथे नाही, जरा वर.
येतं, साहेब.
पण फोन ठेवला की बोलणं उरत नाही,
सूज उरते.

एकदा लावली होती.
वादळाच्या वर्षी, रस्ता बंद, दुसरं कुणी नव्हतं.
तिसऱ्या दिवशी म्हातारीचा दंड काळानिळा.
ती काही बोलली नाही. जाताना
बरणीभर कोकमं देऊन गेली.
बरणी अजून आहे.

सिस्टर मयेकर खाडीपलीकडे, तवसाळला, बाळंतपणात.
फेरीबोट दहालाच बंद.
तिचा निरोप: नाखव्याला उठवलंय, निघते.

मग मला जमेल ते,
म्हणजे मला चालेल ते, केलं.
गरम पाण्याची पिशवी कोपराखाली.
चिकटपट्टीचे तीन तुकडे कापून खाटेच्या दांडीला.
बाटली टांगली, नळी बंद.
आणि शिरेवर हलकं बोट ठेवून बसले.
सुकलेल्या माणसाची शीर फार पळते,
एकदा सापडली की सोडायची नाही.

पाऊण तासाने याकूब डोळे उघडून म्हणाला,
"आपा, टोचीत का नाय?"
म्हटलं, "बोट येतेय."
त्याने माझ्या बोटाकडे बघितलं.
हसला असावा.

मग खाडीत इंजिनाची फटफट.
सिस्टर गुडघ्यापर्यंत भिजलेली, हात धूत विचारते,
"कुठे?"
मी बोट उचललं.
तिथे वाटाण्याएवढा फिका ठसा.
तो भरून यायच्या आत
तिने तिथेच सुई टेकवली.

रजिस्टरात तिची सही, एक चाळीस.
तिची लागली शाई, माझं लागलं भांडं,
ते धुवायला मागच्या दारी गेले.
पाणी वर चढत होतं.
नळाखाली धरलं तरी
बोटाला गार की गरम, कळेना.