काट्याचा राउटर

मे महिन्यात सावद्याला, पत्र्याखालच्या दुकानात,
सोल्डरिंग गन बंद असली तरी हाताला गरमच लागते.
दुपारी अडीचला वजनकाट्यावरचा पोऱ्या
राउटर घेऊन आला, केळीच्या पानात गुंडाळून.
म्हणाला, गार राहील म्हणून.

बाहेर अकरा ट्रक. दिल्लीचा भाव आलेला नाही.
हमाल ट्रकांच्या सावलीत बसून
माझ्या दाराकडे बघतात,
बाळंतिणीच्या खोलीकडे बघावं तसं.

स्क्रू चार हवेत. तीनच निघाले.
चौथा आधीच्या कुणीतरी हरवलेला.
आत काळ्या मातीचा थर, पंख्याच्या पात्यांत कोळ्याचं जाळं,
आणि एक वाळलेली पाल, कागदाइतकी हलकी.
"सायरा, बॅटरी धर."

सायरा तडवी, पालची. आयटीआयचं दुसरं वर्ष.
प्रश्न फार विचारते. बरं वाटतं.
"प्रोसेसर कुठला?"
हा. याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा कंगवा,
उष्णता विंचरून काढायला.
शेजारी रॅम. कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं जाणार,
सगळं हिला तोंडपाठ,
आणि वीज गेली की कोरी पाटी.
फ्लॅशमध्ये सारी विद्या निजलेली.
"मग रॉम?"
त्याला एवढंच येतं: उठ, स्वतःला चाचप, फ्लॅश कुठाय ते शोध.
"म्हणजे माझे अब्बा," सायरा म्हणाली.
"उठले की आधी खिसे चाचपतात, मग चष्मा शोधतात.
चष्मा लागला की मगच त्यांना आमची नावं आठवतात."
पुस्तकात इतकं नीट लिहिलेलं नाही.

बिघाड मात्र यांच्यातल्या कुणातच नव्हता.
पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात एक कपॅसिटर,
टम्म फुगलेला, माथ्यावर चिरलेला.
बारा रुपयांचा माल,
त्याच्यावर अकरा ट्रक अडलेले.
नवा लावला. अधिक-उणे दोनदा तपासलं.
एकदा उलटा लावला होता,
भुवईवरचा हा डाग तेव्हाचा.

मग निळी केबल, कन्सोलच्या पोर्टात.
हे मागचं दार. रस्ते सगळे बंद असले
तरी घरात शिरता येतं.
पंखा कुरकुरला, फिरला.
स्क्रीनवर ओळी चढत गेल्या,
आणि शेवटी सेटिंगची पानं,
त्या छोट्या वेगळ्या स्मृतीतून
जिला भारनियमनाचं भय नाही.

एकेका पोर्टाखाली टिपण.
अक्षरं रोमन, बोली आपली.

शून्य: अठी हात नको लावू, फैजपूरची लाईन हाये.
एक: वजनकाटा. केयीचा जीव याच्यात.
दोन: बंद. उंदरानं खाल्ला.
तीन: रिकामा ठेवेल हाये. कोनी नवं आलं त त्याच्यासाठी.

मी खुर्ची मागे सरकवली.
हे सुपडू नेहेते.
हे टेबल त्यांचं, गन त्यांची,
शिव्या देत शिकवलेलं सगळं त्यांचं.
तीन वर्षं झाली जाऊन.
फोटो भिंतीवर आहे, पण आवाज
कसा होता ते हल्ली
नीट आठवेना झालं होतं.

सायरानं चारी ओळी मोठ्यानं वाचल्या,
दुसऱ्यांदा वाचताना जरा हळू.
मग विचारलं, "यांची भाषा काढून नीट लिहू का?"
"नको."
"मग?"
"तीन नंबरला पुढे तुझं नाव जोड."

तिनं जोडलं. एका बोटानं, स्पेलिंग दोनदा चुकवून.
"आता सेव्ह कर. आत्ता ते फक्त रॅममध्ये आहे.
वीज गेली तर तू आलीच नव्हतीस."

तिनं कळ दाबली. हिरवा दिवा लुकलुकला.
बाहेर कुणीतरी भाव ओरडून सांगितला,
ट्रकची इंजिनं एकेक करून खोकली.

पोऱ्यानं राउटर त्याच पानात गुंडाळला.
पान एव्हाना कडांना करपलं होतं.
चालताना डबा खुळखुळत होता;
चौथा स्क्रू मला अजून सापडलेला नाही.