पहिला चेंडू कुणी खेळायचा

संगमला महामार्गाच्या कडेने
विलोच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात,
वारा जाईल एवढी फट राखून,
भिंती नसलेल्या मिनारांसारख्या.
वर्ष वर्ष उभ्या. काही करत नाहीत. वाळतात.

आत वीज गेली की भांडण लागतं.
करवत थांबते, भुसा खाली बसतो,
नून चहाचा समोवर येतो
आणि लतीफ गनई मांडी ठोकतो: सेहवाग. विषय संपला.
मुलतानात, तीनशेच्या उंबरठ्यावर, षटकार!
उंबरठ्यावर माणूस जोडे काढतो,
ह्या गड्याने दारच उचकटलं.

फिरदौस दांडे बसवतो. सरस सुकेपर्यंत
बोलत नाही, ही त्याची सवय.
सुकला की म्हणतो, गावसकर.
हेल्मेट नाही, समोर चौघे, चौघेही तोफा,
एक दमला की दुसरा. दे तुझ्या सेहवागला ती खेळपट्टी,
मग बघू कुणाचं दार कोण उचकटतं.
'दिली असती तर—'
'दिली नाही ना!'
गिरद्याचा तुकडा हवेत,
अर्धा पेला भुशावर.

कोवळा इम्तियाज मधेच रोहितचं नाव काढतो,
एकदिवसीय सामन्यात दोनशे, तेही तीनदा.
त्याला सगळे मिळून गप्प करतात:
ते लाकूड वेगळं, ती मोजपट्टी वेगळी.
तो बोटं मोडत बसतो. तीन. तीन कमी का?

हिशेबाला येणारे मोतीलालजी चष्मा पुसतात.
मर्चंट, ते म्हणतात. सरासरी एकाहत्तर.
'तुम्ही पाहिलंत खेळताना?'
'वहीत पाहिलं.'
वहीत कुणी घसरत नाही, मोतीलालजी,
वहीत दव पडत नाही.
ते हसतात. वही मिटत नाहीत.

ह्यातल्या एकानेही
आमच्या लाकडाने शतक ठोकलं नसेल बहुधा.
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.
चहा गरम असेपर्यंत कुणी काढत नाही तो विषय.

एवढा वेळ कोपऱ्यातून आवाज चालूच असतो.
ठक. ठक.
अहदकाकच्या हातोडीला वीज लागत नाही.
नव्या बॅटीला आधी घरचा मार द्यावा लागतो,
हलका, हजार वेळा,
नाहीतर नव्या चेंडूला भेटताच तिचा ओठ फुटतो.

'काक, तुम्ही सांगा.'

ठक. 'त्र्याऐंशी साली श्रीनगरला सामना होता.
मी कुंपणाला चिकटून. कुणासाठी ओरडत होतो
ते विचारू नकोस.'
ठक. 'दोघे उतरले. सारं मैदान त्यांच्या अंगावर धावलेलं,
म्हणजे आवाजाने. त्यात माझीही शिट्टी.
चांगली वाजायची तेव्हा, दात होते.'

कांगडीतला निखारा त्यांनी काडीने उलटला.

'बॅटी मी करतो. हात बघायची खोड आहे.
एकाने गार्ड मागितला. बुटाने रेघ ओढली.
पुसली. पुन्हा ओढली.
स्वतःच्या अंगणात सडा घालावा तसा, सावकाश.
पुढं किती धावा झाल्या, आठवत नाही.
परतताना बसमध्ये मी कुणाशी बोललो नाही.'

'पण दोघांतला कोण?'

अहदकाकनी बॅट उलटी धरली,
कडेवर अंगठा फिरवला,
'ही अजून कच्ची आहे,' म्हणाले,
आणि ते बॅटीला म्हणाले की लतीफला, कळलं नाही.

तेवढ्यात वीज आली.
करवतीने सगळ्यांच्या तोंडचं काढून घेतलं.
मोतीलालजींनी वही सावरली,
इम्तियाजने फळी उचलली,
आणि भुशाच्या पिवळ्या धुक्यापलीकडे
लतीफचे ओठ हलताना दिसत राहिले:
मुल-तान.
मुल-तान.