तह

मी सभा लिपिक. बोलत नाही, लिहितो.
पारोळ्याच्या सभागृहात सतरा विरुद्ध सहा,
आणि वर एक खुर्ची, थेट गावानं निवडलेली.
गावानं एकाच दिवशी,
बोटावरची शाई वाळायच्या आत,
शैलजाताई वाण्यांना अध्यक्ष केलं
आणि सभागृह लोटन आप्पांना दिलं.
गाव हुशार आहे, असं पेपरवाले म्हणाले.
मी काही म्हणालो नाही.
नवं रजिस्टर आखून घेतलं.

विषय क्रमांक सात:
धरणगाव नाक्यावर जलकुंभ, बारा लाख लिटर.
जूनमध्ये आला. तहकूब.
जुलैत आला. तहकूब.
पोळा झाला, दिवाळी झाली, कापूस घरात आला,
सात नंबर तिथेच.

लोटन आप्पा बारी कधी नाही म्हणत नाहीत.
नामंजूर केला तर ताई चौकात रडतील,
मंजूर केला तर ताई चौकात हसतील,
मतं दोन्हीकडून त्यांचीच.
म्हणून विड्याच्या पानाची शीर काढावी
तितक्या सावकाश आप्पा म्हणतात,
"आते नको. पुढला महिनाले देखूत."
आणि सोळा मुंड्या
कूलरच्या वाऱ्यानं हलाव्यात तशा हलतात.

ताईही कच्च्या नाहीत.
त्यांना टाकी नको होती का? होती.
पण टाकीआधी तारखा हव्या होत्या.
दर तहकुबीची प्रमाणित प्रत,
शुल्क भरून, पावती घेऊन,
माझ्याच हातून.
त्यांच्या फायलीत ती टाकी
महिन्याला बोटभर भरत होती.

एक विषय मात्र दर वेळी चर्चेविना जातो.
क्रमांक अकरा: सभागृहासाठी पिण्याच्या पाण्याचे जार.
सर्वानुमते.
झिपरू जार पालथा घालतो,
आतून एक मोठा बुडबुडा वर येतो, ढब्ब,
तेवढा एकच आवाज
दोन्ही बाजूंना सारखा ऐकू येतो.

खिडकीतून किल्ला दिसतो.
खंदकात काटेरी बाभळी, प्लास्टिक, दोन शेळ्या.
वेढा कुणी घातलाय
आणि आत कोण अडकलंय,
शेळ्यांना विचारावं.

एप्रिलच्या सभेत, नळ येऊन बारावा दिवस,
आप्पा उठले, टोपी सरळ केली.
"विषय सात मंजूर करा."
सोळा हात वर. सतरावा त्यांचाच.
कूलरसुद्धा थांबला;
वीज गेली होती.
मी ताईंकडे बघितलं.

निवडणुकीला पाच महिने.
पाच महिन्यांत टाकी होत नाही, खड्डा होतो,
आणि खड्ड्याला नाव अध्यक्षांचंच लागतं.
ताईंनी पदरानं चष्मा पुसला,
कुठलासा कागद उलटासुलटा केला,
म्हणाल्या, "तांत्रिक मान्यता जुनी झालीय.
पुढच्या सभेत घेऊ."
त्यांची सहा माणसं छताकडे बघत राहिली.
आप्पा हसले. ताईही, किंचित.
पानाची शीर कुठून काढतात
ते बाईंनी बघून ठेवलं होतं तर.

संध्याकाळी इतिवृत्त लिहायला बसलो.
घरून फोन: ड्रम तळाला लागलाय,
येताना टँकरवाल्याला सांगून या.
बरं म्हणालो, आणि ओळ सुरू केली.
विषय क्रमांक सात, सविस्तर चर्चेअंती तह
एवढ्यावर पेन थांबलं.
इथून पुढे शब्दाला वाटा आहेत.
एक माझ्या हाताला पाठ.
एक घरच्या ड्रमाकडे जाते.
आणि कुठेच न वळता इथेच थांबलं,
तरी शब्द पुराच आहे,
फक्त त्यावर सह्या कुणाच्या घ्यायच्या?

दारात झिपरू.
"भाऊसाहेब, जार संपला. दुसरा लावू का?"
लाव, म्हटलं.
तो मंजूर आहे.