ऊस नापास

दस्तगीर म्हणाला, "ताई, फोर-के हाय.
आनि काय पायजे?"
मोबाईलवर दाखवलं त्यानं.
मोबाईलवर सगळंच बरं दिसतं,
माझ्या लग्नाचा अल्बमसुद्धा.
म्हटलं, कार्ड दे. मोठ्या पडद्यावर बघते,
पैसे उद्या.

हरिपूरला उडवलं होतं, सकाळी साडेसातला.
वारणा कृष्णेला मिळते तिथून मागं,
देवळावरून, गावावरून, माळापर्यंत.
तीन मिनिटं बारा सेकंद.

आधी क्षितिज.
डावीकडं दीड अंश कलंडलंय.
ते सरळ करता येतं.
मग पत्र्याची छपरं: पन्हळी थरथरतात का,
नसलेलं इंद्रधनुष्य चढतं का त्यांच्यावर.
थोडं चढतं.
नदीवरून मात्र भाव ठरवू नये.
संथ, एकरंगी, तिला कुणीही छान दाखवतं.

ऊस बघावा.
एकरभर पाती, प्रत्येकीचं हलणं निराळं,
आणि यंत्राला सेकंदाला मोजकंच लिहायची मुभा.
मग ते चावडीत बसून
पीकपाहणी उरकणाऱ्या तलाठ्यासारखं लिहितं:
सदर ठिकाणी हिरवे आढळले.
पात्यांचा लगदा, लगद्यात चौकोन.
वहीत नोंदलं:
ऊस नापास. आठ हजार कमी.

दोन मिनिटं एक्केचाळीस.
गावामागची मोकळी जागा.
कुसळं, शेळी, टायर नसलेली ट्रॉली.
अंधारात दाणे किती उठतात बघावं
म्हणून सावल्या उचलल्या,
तर जमिनीत वर्तुळं.
फिकट. सात.
नाही, नऊ.

लेन्सवरचा डाग असता
तर चौकटीत एका जागी थांबला असता.
ही जमिनीबरोबर सरकत होती.
आणि यंत्र चुकतं ते चौकोनात.
इतक्या वर्षांत गोल चूक
मी बघितलेली नाही.

खाली हळदीचं गोडाऊन आहे.
तिथल्या रखवालदाराला, भैरू कोळेकरांना,
वर बोलावलं.
चष्मा कपाळावर सारून
ते पडद्याला नाक लावून उभे राहिले.
"पेवं की ही.
माज्या पायाखालची."

मग मला न विचारता सांगत राहिले:
तोंड एवढंसं, पोट रांजणावानी,
आत पोत्यावर पोती हळद.
उघडलं की आधी कंदील सोडायचा दोरीनं.
इजला, तर बसायचं वर, बिडी वढत,
आतली हवा निवस्तवर.
जळत ऱ्हायला, तर मी.
पुराच्या साली पाणी शिरलं,
काही खचली, काही बुजवली,
वर गवत आलं.

मी विचारलं, चित्र कसं वाटतं?
"बरं हाय," म्हणाले, "वास न्हाई."
आणि बोट टेकवलं पडद्यावर,
नऊ वर्तुळांच्या जरा उजवीकडं.
"हितं आनि एक हाय. दहावं.
तुज्या मशनीला घावंना."

ते गेल्यावर त्या जागी
सावल्या आणखी उचलल्या, आणखी,
शेवटच्या खाचेपर्यंत.
दाणेच उठले नुसते, राखाडी,
रिकाम्या कणगीच्या तळाला उरावेत तसे.

दस्तगीरला सांगितलं:
क्षितिज वाकडं, पत्रे नाचतात, ऊस नापास.
वर्तुळांचं बोलले नाही.
भाव चढवला असता.
एकोणतीसला तुटलं.
कार्ड मागायला लागला, ते दिलं नाही.

आज एका साखरपुड्याचे रंग लावतेय.
नवरीचा गाल सारखा पिवळा पडतोय.
तीनदा दुरुस्त केला,
चौथ्यांदा ध्यानात आलं,
पडद्यावर बोटाचा ठसा आहे,
हळदीचा.

पुसायचं फडकं जवळच आहे.
मी खिडकी सरकवून
नवरीला डावीकडं घेतलं.