मधला आरसा

नऊ वर्षं सनी चालवली, अल कूझ ते मरीना,
पुढे एक, मागे तीन,
माणशी तीनशे दिरहम महिना, शुक्रवार वगळून.
कुणी अडवलंच तर आम्ही मावसभावंडं:
मिसरचा शेरीफ, नेपाळचा डंबर, मनिलाची मारिविक,
सावंतवाडीच्या नेवगी बाई
आणि खेड तालुक्यातला मी.
एकदा एका पोलिसाला हसू आवरेना. सोडलं त्यानं.

मेट्रो आली तेव्हा म्हणाले, मुनाफ, आता तू संपलास.
नाही संपलो.
मेट्रोच्या स्टेशनापासून पुढे दीड किलोमीटर ऊन होतं
आणि तो दीड किलोमीटर माझा होता.

मग रूळ पडले. रस्ता खणला, बुजवला, पुन्हा खणला.
नोव्हेंबरात ट्राम धावली,
काचेच्या दारांमागे गारेगार फलाट,
तिकीट तीन दिरहम.
मारिविक आधी गेली, जाताना केकचा डबा ठेवून.
डंबरनं फोनवर सांगितलं, शेरीफनं तेही नाही.
नेवगी बाई महिनाभर एकट्याच येत राहिल्या,
मागच्या सीटवर, खिडकीकडच्याच कोपऱ्यात,
जणू मधली माणसं अजून बसलेलीच आहेत.
शेवटी त्याही म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून…
मी म्हटलं, बरं.
आणि पेट्रोल भरायला गेलो, टाकी भरलेली असताना.

एका गुरुवारी गाडी गॅरेजात होती.
कार्ड लावलं, टिंग झालं, आत शिरलो.
कुणाचा टॉवर कुठे सगळं मला तोंडपाठ,
पण इथून तो रस्ता नवाच दिसत होता,
उंचावरून, आडवा,
त्यात माझा हात कुठेच नाही.
चौकात ट्राम थांबली.
रुळांवरची गाडी, आणि लाल दिव्याला थांबते!
माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला.
बाहेर एक बाई बाबागाडी ढकलत पळत होती,
ती आम्हाला मागे टाकून गेली
आणि अख्खा डबा, ना ओळख ना पाळख, एकदम हसला.
शेजारचे पेशावरी चाचा म्हणाले, घोडा दमलाय.

तिसऱ्या थांब्यावर एक बाई चढली, समोर बसली.
मी बघत राहिलो. कोण बरं?
कपाळ ओळखीचं, टिकली ओळखीची,
खाली मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड.
नऊ वर्षं मला त्या दिसल्या होत्या
वीतभर आरशात, भुवयांपासून केसांपर्यंत.
आरशात उजवीकडे पडणारा भांग
डावीकडे होता.
हनुवटीवर तीळ होता. कुणी सांगितलं नव्हतं.

त्याही माझ्याकडे बघत होत्या, संशयानं,
आणि मी दार बघायला मान वळवली तेव्हा
ओरडल्याच, अगो बाई, मुनाफ!
मानेवरच्या भाजल्याच्या डागावरून ओळखलं.
तोंडावरून नाही हो ओळखणार मी,
मला तुझी पाठच पाठ.

मग बोललो. गाडीत एवढं कधी बोललो नव्हतो.
दवाखान्यात नवे दंतवैद्य आलेत, खडूस आहेत.
मुलगा बारावीला. ट्राम हळू चालते,
पण डुलकी लागत नाही, तुझ्या गाडीत लागायची.
मी म्हटलं, दिसायचं मला.
त्या जराशा ओशाळल्या. डोळे मिटलेले
मी नऊ वर्षं पाहिले होते
आणि हळू घेतले होते गतिरोधक.
हे काही बोललो नाही.

मग पर्स सावरत, बाहेर बघत, सवयीनं त्या म्हणाल्या,
मुनाफ, त्या निळ्या फार्मसीपाशी सोड.

फार्मसी आली. ट्राम थांबली नाही.
दोघेही पुढच्या स्टेशनापर्यंत गेलो, गप्प.
उतरताना कार्ड लावायचं मी विसरलो,
त्यांनीच मागे वळून खुणावलं.